विषय: बाळाची जीभ चिकटलेली आहे, कट करायची का? कुणाचा अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीतल्या प्लेन्सबरोहून लिहितेय, मंडळाच्या ईमेल लिस्टवर पहिल्यांदाच. आमचं बाळ तीन आठवड्यांचं होत आलंय आणि अंगावर पाजताना मला इतकं दुखतं की पुढच्या फीडिंगची वेळ जवळ आली की पोटात गोळा येतो. निपलला चिरा पडल्यात. बाळ पिता पिता टक् टक् आवाज करतं, दूध कडेने ओघळतं, पाऊण तास झाला तरी सोडत नाही आणि खाली ठेवलं की परत भुकेलेलं. हॉस्पिटलमधली लॅक्टेशनवाली (स्तनपानाला मदत करणारी) म्हणाली टंग-टाय वाटतेय, म्हणजे जिभेखालच्या पडद्याने जीभ अडकलेली, पीडियाट्रिशियन म्हणाल्या वजन वाढतंय ना, मग थोडं थांबा. एका ऑनलाइन ग्रुपवर विचारलं तर सगळ्यांनी एकाच लेझरवाल्या डेंटिस्टकडे पाठवलं. तिथे फोन केला तर त्यांनी बाळाला बघायच्या आधीच सांगितलं की जिभेसोबत ओठाचीही असणार, दोन्ही एकदम करून टाकू, इन्शुरन्स चालत नाही, आणि पुढच्या आठवड्यात एकच स्लॉट शिल्लक आहे.

माझी आई बाळंतपणासाठी पुण्याहून आलीय, तिला भीती की नाही कापलं तर बाळ बोबडं बोलेल. नवऱ्याला भीती कापण्याची. मला दोन्ही. ज्यांनी केलंय आणि ज्यांनी नाही केलं, दोघांनी प्लीज लिहा.

— म.

*

रि: बाळाची जीभ चिकटलेली आहे

ताई, आधी एक सांगते, इतकं दुखणं नॉर्मल नाही, 'होतंच सगळ्यांना' असं कोणी म्हटलं तर ऐकू नकोस. सुरुवातीला थोडं हुळहुळतं ते वेगळं.

आमच्या मुलीचं केलं होतं. तिची जीभ रडताना पुढून बदामासारखी दिसायची, मध्ये खाच, टोक खालच्या हिरडीच्या पुढे यायचंच नाही. आणि पिऊन झालं की माझं निपल एका बाजूने चपटं, तिरकं, नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं बाहेर यायचं. आमच्या लॅक्टेशन कन्सल्टंटने (आयबीसीएलसी, हे सर्टिफिकेट बघून घे) पहिल्यांदा लॅच, म्हणजे बाळ पिताना तोंडात कसं धरतं ते, सुधारून बघितला, बाळाला जास्त मागे रेलून धरायचं, हनुवटी आधी लावायची, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं. थोडा फरक पडला पण पुरेसा नाही. मग तिनेच ईएनटीकडे पाठवलं.

तिथे काय झालं ते सांगते म्हणजे नवऱ्याची भीती जाईल. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळलं, जिभेवर साखरेच्या पाण्याचे थेंब, नर्सने डोकं धरलं, डॉक्टरांनी मधे खाच असलेल्या एका चपट्या स्टीलच्या पट्टीने जीभ उचलली तेव्हा खालचा पातळ पांढरा पडदा मला स्पष्ट दिसला, आणि बोथट टोकाच्या छोट्या कात्रीने एक कट. भूल नाही, टाका नाही. रडली ती, पण जास्त रडली ती गुंडाळल्यामुळे असं मला वाटतं. गॉजवर रक्ताचे चार-दोन ठिपके. लगेच तिथल्याच खुर्चीत पाजायला दिली. माझं दुखणं त्याच फीडला कमी झालं, पूर्ण जायला मात्र वेळ लागला कारण चिरा भरायच्या होत्या. जिभेखाली दोन दिवसांनी पिवळट-पांढरा चट्टा दिसेल, तो पू नसतो, भरत आलेली जखम असते. मला आधी कोणी सांगितलं नव्हतं आणि मी जाम घाबरले होते.

— एडिसनची स.

*

रि: रि: बाळाची जीभ चिकटलेली आहे

नमस्कार. वरच्या वहिनींचा अनुभव चांगला आहे पण दुसरी बाजू पण लिहायला हवी म्हणून लिहितोय.

आमच्याकडे लेझरने जीभ, ओठ आणि दोन्ही गालांचे पडदे असं सगळं एकदम केलं. शेकडो डॉलर खिशातून. क्लिनिकचं नाव लिहीत नाही. बाळाला पाजताना कसं पितंय हे तिथे कोणी बघितलंच नाही, बोट घालून 'चारही टाइट आहेत' एवढंच. त्यानंतर घरी स्ट्रेचेस दिले, दर काही तासांनी, रात्री उठवून सुद्धा, जखमेवर बोट दाबून जीभ वर उचलायची म्हणजे परत चिकटणार नाही. माझा मुलगा माझा हात तोंडाजवळ आला की अंग ताठ करायला लागला आणि मग आईलाही तोंड लावेना. बाटली सुद्धा नको. चमच्याने पाजलंय आम्ही. फीडिंग थेरपिस्टकडे जावं लागलं तेव्हा हळूहळू परत पिऊ लागला. आता मस्त आहे, पावभाजी खातो.

माझं म्हणणं सरसकट करू नका असं नाही. पण जे क्लिनिक बाळ बघायच्या आधी निदान सांगतं आणि 'एकच स्लॉट आहे' म्हणून घाई करतं तिथे जाऊ नका. यात इमर्जन्सी काही नसते, बाळाच्या पोटात दूध जाणं हीच इमर्जन्सी, आणि ते पंप करून देता येतं.

— ब्रिजवॉटरहून, दोन मुलांचा बाबा

*

रि: रि: रि: बाळाची जीभ चिकटलेली आहे

सर्वांस नमस्कार. मी पिस्कॅटवेचा रिटायर्ड पीडियाट्रिशियन, मंडळात बरेच जण काका म्हणून ओळखतात. तुझ्या बाळाला मी तपासलेलं नाही त्यामुळे कर किंवा नको कर हे मी सांगणार नाही, पण माहिती देतो.

जिभेखाली पडदा सगळ्यांनाच असतो. तो नुसता दिसतोय याला टंग-टाय म्हणत नाहीत, त्याच्यामुळे जीभ हलायला अडतेय आणि त्यामुळे पिण्यात अडचण येतेय, असं असेल तरच त्याला अर्थ. अमेरिकेत हॉस्पिटलच्या नोंदीत हे निदान १९९७ साली साधारण ३,९०० होतं, ते २०१२ मध्ये ३२,८०० च्या वर गेलं. बाळांच्या जिभा पंधरा वर्षांत बदलल्या नाहीत. काही वाढ चांगली आहे, स्तनपानाकडे लोक परत वळले, लक्ष गेलं. पण काही वाढ धंद्याची आहे, हे मी स्पष्टच लिहितो.

पुरावा काय? २०१७ चा कॉक्रेन रिव्ह्यू (सगळ्या चाचण्या एकत्र करून घेतलेला आढावा) बघा, पाच ट्रायल, मिळून ३०२ बाळं. कट केल्यावर आईचं दुखणं थोड्या काळापुरतं तरी कमी होतं असं दिसलं, बाळाच्या पिण्यात मात्र सगळीकडे सारखा फायदा दिसला नाही. म्हणजे आमच्या एडिसनच्या स. ला जे जाणवलं ते अगदी खरं आहे. २०२४ च्या जुलैमध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचा रिपोर्ट आला, त्यात सूर असा की आधी लॅक्टेशनची नीट मदत, दुखण्याची बाकी कारणं तपासा, मग लागलं तर कट. लेझर कात्रीपेक्षा सरस असल्याचं सिद्ध झालेलं नाही. नंतरच्या स्ट्रेचेसची शिफारस नाही. ओठाखालचा पडदा तर लहान बाळांना असतोच, तो पिण्याच्या आड येतो याला आधार नाही, आणि गालाचे कापूच नयेत असं ईएनटी तज्ज्ञांनी २०२० मध्ये सहमतीने लिहून ठेवलंय.

बोलण्याबद्दल. आजींना माझा नमस्कार सांग आणि सांग की पुढे बोबडं बोलेल म्हणून तान्ह्या बाळाची जीभ कापत नाहीत. यामुळे बोलायला उशीर होत नाही. काही मुलांना चार-पाच वर्षांचं झाल्यावर एखादा उच्चार जमत नाही, तेव्हा स्पीच थेरपिस्ट बघतील. इथली आपली नातवंडं 'बाळ'चं 'बाल' करतात ते दिवसभर कानावर इंग्रजी पडतं म्हणून, जिभेखालच्या पडद्यामुळे नाही.

करायचं ठरलं तर तीन गोष्टी. जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं होतं का ते बघ, काही आईबाप नको म्हणतात, मग रक्त थांबायला त्रास होऊ शकतो. घराण्यात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार असेल तर आधी सांग. आणि दुकानात मिळणारं बेंझोकेनचं सुन्न करणारं जेल बाळाच्या तोंडात अजिबात लावायचं नाही, एफडीएने (अमेरिकेची औषधांवर देखरेख करणारी संस्था) २०१८ मध्येच दोन वर्षांखाली वापरू नका असं सांगितलंय, त्याने रक्तातला ऑक्सिजन वाहून नेणं बिघडू शकतं.

— काका

*

रि: रि: रि: रि: बाळाची जीभ चिकटलेली आहे

काकांच्या यादीत एक मी घालते. जखमेवर मध लावायचा नाही, आणि बाळगुटी मधात उगाळायची नाही. आपल्याकडे सहाणेवर हळकुंड, वेखंड उगाळून मधाचं बोट चाटवायची पद्धत, आजी प्रेमानेच करतात, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मधाने बॉट्युलिझम होऊ शकतो, त्यात बाळ लुळं पडतं, श्वासाला त्रास होतो. माझ्या सुनेच्या वेळी मी सहाण भारतातून आणली होती, ती आता देवघरात गंधासाठी वापरतो.

म. बाळा, तू नीट जेवतेस ना? दुखऱ्या अंगाने रात्रभर जागायचं म्हणजे खायची काय शुद्ध. वरण-भात, आळीवाची खीर डबा भरून मुलाबरोबर पाठवते, पत्ता वेगळ्या मेलवर कळव. आणि दोन दिवस एका बाजूला अगदीच सहन होत नसेल तर तिथलं पंप करून दे, त्यात काही कमीपणा नाही.

— काकू, साउथ ब्रन्सविक

*

रि: रि: रि: रि: रि: बाळाची जीभ चिकटलेली आहे

सगळ्यांना मनापासून थँक यू. मेल आईला मोठ्याने वाचून दाखवले, काकांचा बोलण्याबद्दलचा पॅरा तिने दोनदा वाचायला लावला.

अपडेट. तो स्लॉट सोडला. काल स. ताईंच्या आयबीसीएलसी घरी आल्या, इन्शुरन्समध्ये लॅक्टेशनची मदत बसते हे मला माहीतच नव्हतं, ज्यांची डिलिव्हरी व्हायचीय त्यांनी आधीच फोन करून विचारून ठेवा. त्यांनी बाळाचं पिण्याआधी आणि पिल्यानंतर त्याच डायपरवर वजन केलं, एका बाजूने जेमतेम २० ग्रॅमचा फरक. म्हणजे एवढा वेळ चोखून बिचाऱ्याच्या पोटात फारसं जात नव्हतं, दिवसभर सतत पीत राहून तो कसंबसं वजन राखत होता. जीभ बोटाने तपासली, रडताना बघितली, टोक खरंच वर उचलत नाहीये आणि पडदा पुढेच आहे. ओठाचं काही नाही म्हणाल्या. पोझिशन बदलल्यावर दुखणं दहातून आठवर आलं असेल, त्यामुळे आता ईएनटीची गुरुवारची अपॉइंटमेंट आहे, कात्रीने, फक्त जीभ, आणि त्यांनी सांगितलंय की आधी स्वतः बघणार आणि गरज वाटली तरच करणार. व्हिटॅमिन के दिलेलं आहे, डिस्चार्जच्या कागदात सापडलं. तोवर प्रत्येक फीडनंतर पंप करून काढलेलं दूध चमच्याने देतोय.

एक विनंती, कुणाकडे बाळाचा वजनकाटा असेल तर दोन आठवड्यांसाठी मिळेल का? कट केल्यावर खरंच जास्त दूध जातंय का ते घरी मोजायचंय. नवरा शनिवारी एडिसनला येतोय, तो घेऊन जाईल.

काकू, खीर पोचली. आईने वाटी पुसून खाल्ली.

— म.

*

रि: वजनकाटा

आमच्याकडे आहे, ग्रॅममध्ये दाखवतो. बॅटऱ्या नव्या टाकून ठेवतो. शनिवारी सकाळी अकरानंतर कधीही या, मुलाचा मराठी शाळेचा क्लास तोवर संपतो.

— ब्रिजवॉटरहून