पीएच.डी.च्या फेलोशिपचा अर्ज : मदत करायची कोणी?

रानजाई

विद्यापीठात पीएच.डी.ला प्रवेश देणारा विभाग असतो, फी भरून घेणारी खिडकी असते, दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल मागणारा बाबू असतो. पण "तुझ्या विषयाला पैसे कुठून मिळतील आणि त्यासाठी काय लिहावं लागेल" हे सांगणारं कोणी नसतं. माझं स्पष्ट मत आहे की हे एका पगारी माणसाचं पूर्णवेळ काम असायला हवं. विद्यार्थ्याचा प्रस्ताव बाहेर जाण्याआधी त्याने तो वाचलाच पाहिजे.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी शिकवते. आमच्याकडच्या मुलांना एकच फेलोशिप माहीत असते, जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप. १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी तिची एसआरएफ (सीनियर) झाली की ४२,०००. नेट ह्या पात्रता परीक्षेत जेआरएफ हुकली की मुलं समजतात, संपलं. मग कुठेतरी तासिका तत्त्वावर शिकवत रखडत प्रबंध. आयसीएसएसआरची, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची, डॉक्टरल फेलोशिप असते, महिना २०,००० आणि वर्षाला तेवढेच आकस्मिक खर्चाला, हे त्यांच्या कानावरच येत नाही. आलं तर मुदत उलटल्यावर. फुलब्राइट-नेहरूमधून पीएच.डी. चालू असताना सहा ते नऊ महिने अमेरिकेतल्या विद्यापीठात जाता येतं, पण तिथल्या प्राध्यापकाशी पत्रव्यवहार कितीतरी आधी सुरू करावा लागतो. दिल्लीच्या वसतिगृहात ही माहिती सीनियर चहा पिता पिता देऊन टाकतात. आमच्याकडे सीनियरलाच माहीत नसते.

आता लिहिण्याबद्दल. एका मुलीचा आराखडा हातात आला. शीर्षक "महाराष्ट्रातील ऊसतोड कामगारांच्या समस्या : एक समाजशास्त्रीय अभ्यास". सुरुवात अर्थातच "भारत हा कृषिप्रधान देश आहे". दोन पानं झाली तरी ऊस नाही आणि तोडही नाही. मुलगी ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलीच. तिला म्हटलं, कागद ठेव बाजूला, तुला नेमकं काय बघायचंय ते सांग. म्हणाली, "मॅडम, कोयता म्हणजे तोडणीची जोडी, ती नवराबायकोची मिळून एक धरतात. पण मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेताना अंगठा एकाचाच असतो. हंगाम संपून उचल फिटली नाही, तर पुढच्या साली त्याच मुकादमाकडे जायचं की नाही हे घरात ठरवतं कोण?"

हे पहिल्या ओळीत का नाही लिहिलंस, विचारलं. "असं बोलल्यासारखं लिहितात का?"

खडूफळा

ताई, कळकळ पोचली, पण असहमत. हे काम गाईडचं आहे. नियमाने प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. चार आराखडे वाचायला वेळ नसेल तर गाईडशिप घेतली कशाला? तुम्ही त्या मुलीला जो प्रश्न विचारलात तो तिच्या गाईडने नोंदणीच्या आधी विचारायला हवा होता.

दुसरं, विद्यापीठात आजवर किती कक्ष निघाले ते आठवा. पाटी लागते, फीत कापली जाते, फोटो निघतो आणि नॅकची, म्हणजे मूल्यांकनाची, समिती यायची असली की कुलूप उघडतं. तुमच्या ह्या माणसासाठी निघणारा फेलोशिप कक्षही त्याच रांगेत जाऊन बसेल.

अर्धवट_प्रबंध

दोघांनाही नमस्कार. मी पीएच.डी.च्या पाचव्या वर्षात आहे, त्यामुळे जरा तिखट लिहितो, राग मानू नका.

प्रस्ताव चांगला लिहिला की पैसा मिळतो, हे गृहीतकच मला पटत नाही. बार्टी ही अनुसूचित जातींच्या मुलांना फेलोशिप देणारी राज्याची संस्था, तिची मुलं २०२३ मध्ये फेलोशिपसाठी आझाद मैदानात बसली होती, ती काय प्रस्ताव लिहिता येत नव्हता म्हणून? मराठा मुलांसाठीच्या सारथीच्या जागा २०० वर आणल्या. बार्टी, सारथी आणि ओबीसींसाठीच्या महाज्योतीची मिळून चाळणी परीक्षा २४ डिसेंबर २०२३ ला घेतली, तर हातात पडली २०१९ च्या सेटची, म्हणजे राज्याच्या प्राध्यापक पात्रता परीक्षेची, जुनीच प्रश्नपत्रिका. १० जानेवारी २०२४ ला फेरपरीक्षा, त्यातही पाकिटं सीलबंद नसल्याचा आरोप करत मुलं बाहेर पडली. आणि त्याच डिसेंबरात पीएच.डी. करून काय दिवे लावणार, हे विधिमंडळातून ऐकायला मिळालं ते वेगळंच. त्याच्या आदल्या वर्षी केंद्राने अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप बंद केली. बंद झालेल्या फेलोशिपचा अर्ज सल्लागार कसा लिहून घेणार?

बरं, मिळाली तरी सुटका नाही. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, जेआरएफसारखी फेलोशिप कॅनरा बँकेच्या पोर्टलवरून येते. दर महिन्याला विद्यापीठातला एक जण, त्याला मेकर म्हणतात, तुमचं नाव टाकतो आणि दुसरा, म्हणजे चेकर, ते मंजूर करतो. आमच्याकडे चेकर बदलून गेले, नवीन माणसाचं लॉगिन होईना. घरमालकाला "मेकरने केलंय, चेकर राहिलाय" असं सांगून बघा एकदा.

रोग पैशाचा आहे आणि तुम्ही अक्षर सुधारायला सांगताय.

रानजाई

@अर्धवट_प्रबंध, दादा, राग कसला, एकेक गोष्ट खरी आहे. पण मेकर-चेकरचं जे लिहिलंत ते तर माझ्याच बाजूने जातं. त्या लॉगिनचा पाठपुरावा करणं हेही ह्याच माणसाचं काम. आज ते कोणाचंच नाही, म्हणून तुम्ही घरमालकापुढे उभे.

@खडूफळा सर, गाईडने करावं हे तत्त्वतः मान्य. पण ज्या गाईडने स्वतः कधी बाहेरच्या निधीसाठी अर्ज केला नाही, त्याला तरी कोणी शिकवलंय?

पिपेट

रसायनशास्त्रवाल्याचं मधेच थोडं. आमच्याकडे विद्यार्थ्याने पैसे शोधायचा प्रश्न फारसा येतच नाही. पैसे गाईडच्या प्रकल्पातून येतात आणि प्रकल्प संपला की प्रोजेक्ट फेलोही संपतो, मग प्रबंध अर्धा का असेना. प्रकल्पांना पैसे देणारं केंद्राचं पूर्वी एसईआरबी होतं, आता २०२३ च्या कायद्याने आलेलं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आहे. पाच वर्षांत ५०,००० कोटी म्हणतात, त्यातला मोठा वाटा उद्योगांकडून वगैरे यायचाय. मध्यंतरी संशोधन अनुदानावर जीएसटीच्या नोटिसा निघाल्या होत्या, सप्टेंबर २०२४ मध्ये सूट मिळाली तेव्हा जीव भांड्यात पडला. सल्लागार नेमायचाच तर तो आधी गाईड लोकांच्या मागे लावा.

सातासमुद्रापार

अमेरिकेत पीएच.डी. करतोय, म्हणून लिहितो. रानजाईताई म्हणतात तसा माणूस इथे बऱ्याच विद्यापीठांत असतो. आमच्याकडच्या बाईंकडे मागच्या यशस्वी अर्जांची फाईल आहे, ज्यांचे अर्ज त्यांच्या परवानगीने ठेवलेली. माझ्या दृष्टीने सल्ल्यापेक्षा ती फाईलच जास्त मोलाची. निवड झालेला अर्ज कसा दिसतो हे एकदा डोळ्यांनी बघितलं की निम्मी भीती जाते. ह्याला ना पद लागतं ना इमारत.

पण भ्रम नको. इथली सगळ्यात नावाजलेली एनएसएफची, म्हणजे सरकारी विज्ञान प्रतिष्ठानाची, पदवीधर फेलोशिप वर्षाला ३७,००० डॉलर देते (आपल्याकडे तोच आकडा रुपयांत आणि महिन्याला, योगायोग), तीही फक्त नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांना. आम्ही अर्जच करू शकत नाही. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी एकदम १,००० जणांनाच दिली, नेहमीच्या साधारण निम्म्या. पुढे जूनमध्ये आणखी ५०० दिल्या. वर्षभर मसुदे घासूनपुसून केलेले माझे लॅबमित्र तसेच राहिले. त्यामुळे अर्धवट_प्रबंध म्हणतात त्यात तथ्य आहेच.

गल्लीबोळ

मला तर पुढचं दिसतंय. कक्ष निघाला की वर्षभरात पुण्याच्या पेठांमध्ये "फेलोशिप प्रपोजल, हमखास निवड" असे फलक लागतील. प्रबंध लिहून देणारे आधीच आहेत, आता प्रस्तावही. उरलंसुरलं चॅटजीपीटी करेल. ज्याच्यात धमक असते तो मिळवतो हो. बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या महिना साडेअकरा पौंडांवर कोलंबियाला गेले, तेव्हा कुठला कक्ष होता?

रानजाई

कक्ष नव्हता, केळुस्कर गुरुजी होते! कृष्णराव अर्जुन केळुस्करांनी तरुण भीमरावांना सयाजीरावांसमोर नेलं, म्हणून महिना २५ रुपये सुरू झाले आणि एल्फिन्स्टनमधली बी.ए. पार पडली. कोलंबिया त्याच्या पुढची पायरी. धमक बाबासाहेबांच्या ठायी होती ह्यात वादच नाही, पण योग्य दारापर्यंत हाताला धरून नेणारं कोणीतरी होतं. ज्या मुलाला केळुस्कर भेटत नाहीत त्याचं काय करायचं, एवढाच माझा प्रश्न.

खडूफळा

उदाहरण तुमच्यावरच उलटलं, ताई. केळुस्कर कोणाच्या पगारावर हे करत नव्हते. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेला पोरगा त्यांनी हेरला. पगारी केळुस्कर होत नसतो. पद निर्माण केलंत की त्यावर माणूस येईल, केळुस्कर येतीलच असं नाही.

अर्धवट_प्रबंध

सर, पण मग गाईडही पगारीच की. तुमच्याच न्यायाने ह्या कामासाठी तेही बाद.

खडूफळा

हा हा. बरोबर पकडलंत. तरी माझं म्हणणं सोडत नाही : गाईडला जबाबदार धरा. वर्षात त्याच्या किती विद्यार्थ्यांनी बाहेर अर्ज केला हे त्याच्या बढतीच्या अर्जात विचारा. मिळाला किती हे नको, नुसता केला किती. बघा कसे धावतात.

फाईलची कल्पना मात्र आवडली. आमच्या विभागातल्या ज्यांना आयसीएसएसआर मिळाली आहे त्यांना विचारून बघतो. आर्थिक तपशिलाचं पान काढून द्यायला हरकत नसावी.

रानजाई

ते पान काढू नका, सर. मुलं सगळ्यात जास्त तिथेच अडतात. क्षेत्रभेटीचा प्रवास किती धरायचा, मुलाखती उतरवून घ्यायला पैसे लावता येतात का, हे त्यांना कोणीच सांगत नाही. एक तर शून्य लिहितात, नाहीतर लॅपटॉप मागतात.

अर्धवट_प्रबंध

फाईल झाली तर मला हवीय, कबूल. पदाबद्दल मात्र माझा विरोध कायम. मंजूर झालं तरी ते अकरा महिन्यांच्या करारावर भरतील, मानधन जेआरएफपेक्षा कमी ठेवतील आणि तिथे येऊन बसेल माझ्यासारखाच कोणीतरी, ज्याचे स्वतःचे चार महिन्यांचे पैसे चेकरकडे अडकलेत.