‘कंडक्टर’ला मराठीत नेमके काय म्हणावे?

खोडरबर :
एका ऑपेरा कंडक्टरच्या, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाट्यात काठीच्या इशाऱ्यांनी वादक आणि गायकांना एकत्र चालवणाऱ्याच्या, कारकिर्दीवरील लेख मराठीत आणताना पहिल्याच परिच्छेदात गाडी अडली आहे. जर्मन ऑपेरागृहांतली जुनी शिडी अशी : आधी ‘कोरेपेटिटोर’, म्हणजे पियानोवर साथ करत गायकांकडून भूमिका घोटून घेणारा, मग ‘कापेलमाइस्टर’, म्हणजे तिथला नेमणुकीवरचा कंडक्टर, आणि सर्वांत वर ‘गेनेरालमुझीकडिरेक्टोर’, म्हणजे तिथल्या सगळ्या संगीताचा प्रमुख. या शेवटच्या पदासाठी मी ‘संगीत दिग्दर्शक’ लिहिले, तर खर्डा वाचणाऱ्या मैत्रिणीने विचारले, की यांच्या गाजलेल्या चाली कोणत्या? या गृहस्थांनी जन्मात एकही चाल बांधलेली नाही. ‘वाद्यवृंद संचालक’ म्हणावे, तर त्यांचे निम्मे आयुष्य गायकांच्या संगतीत गेले, त्याची त्या शब्दात दखलच नाही. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

तळटीप :
‘वाद्यवृंद संचालक’ हा रुळलेला शब्द आहे, तो उगाच मोडू नये. झुबिन मेहता १९७८ ते १९९१ न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचे प्रमुख होते आणि १९९८ ते २००६ म्युनिकच्या बव्हेरियन स्टेट ऑपेराचे. माणूस तोच, हातातली काठीही तीच. पहिल्या ठिकाणी वाद्यवृंद समोर आणि दुसऱ्या ठिकाणी तो रंगमंचाखालच्या खड्ड्यात, एवढ्या फरकासाठी नवा शब्द पाडण्याची गरज मला दिसत नाही.

मंद्रसप्तक :
रुळलेला आहे हे मान्य, पण ‘संचालक’ वाचले की माझ्या डोळ्यांसमोर बँकेचे संचालक मंडळ आणि सही-शिक्काच येतो. मी काही वर्षे एका हौशी वाद्यवृंदात दुसऱ्या व्हायोलिनच्या शेवटच्या रांगेत बसत असे. आमचे कंडक्टर काठी वर नेताना नाकाने श्वास घेत, तो आम्हाला मागे ऐकू येई, आणि त्या श्वासावर सगळ्यांचे गज एकदम तारेवर टेकत. एका तालमीत श्वास राहिला आणि नुसता हात खाली आला. निम्म्या चेलोंनी स्वर उचलला, निम्मे थांबून राहिले. त्यांनी काठी खाली ठेवली, ‘चूक माझी’ म्हणाले आणि पुन्हा सुरुवात केली. स्वतः एकही स्वर न वाजवता साठ-सत्तर माणसांना एकाच क्षणी श्वास घ्यायला लावणाऱ्या या कामाला संचालन म्हणणे मला फार कचेरीतले वाटते.

विसर्ग :
मग ‘वाहक’ का नको? बसमधला वाहक आठवून कुणी हसेल, पण पदार्थविज्ञानातला वाहक आठवावा. इटालियन कंडक्टर तोस्कानिनींची भूमिका जवळजवळ तशीच होती : रचनाकाराने लिहिले तेच वाजले पाहिजे, मध्ये कंडक्टरची लहर आडवी येता कामा नये. बेटहोवेनच्या ‘एरोइका’ सिंफनीमध्ये कुणाला नेपोलियन दिसतो, कुणाला तत्त्वज्ञान, आपल्याला मात्र तिथे ‘आलेग्रो कोन ब्रिओ’ (जलद आणि जोमदार, ही स्वरलेखनातली लयीची सूचना) एवढेच दिसते, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत.

मंद्रसप्तक :
आणि जर्मन कंडक्टर फुर्टव्हेंग्लर? त्यांच्या लेखी छापील स्वरलेखन हा केवळ आराखडा होता; लय त्या त्या प्रयोगात जन्माला येई, वाढे आणि ओसरे. त्यांच्या हाताचा इशाराही इतका थरथरता असे, की नेमके कधी सुरू करायचे याचे किस्से वादकांत अजून सांगितले जातात. त्यांना वाहक म्हणणे अन्यायाचे होईल. किंबहुना तोस्कानिनींनाही तो शब्द पुरत नाही. २५ एप्रिल १९२६ रोजी मिलानच्या ला स्काला येथे ‘तुरानदोत’ या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा त्याचे रचनाकार पुच्चिनी निवर्तले होते आणि शेवटचा भाग दुसऱ्याने पुरा केलेला होता. पुच्चिनींचे लेखन जिथे थांबले, तिथे तोस्कानिनींनी प्रयोग थांबवला. ही रचनाकारावरची पराकोटीची निष्ठाही झाली आणि पराकोटीची सत्ताही. दोन्ही अर्थ पेलणारा शब्द असल्यास सांगा.

ओनामा :
‘सूत्रधार’. घरचा शब्द असताना बाहेर भटकायचे कशाला?

तळटीप :
कारण वर्तमानपत्रांनी तो कटासाठी राखून ठेवला आहे. ‘मुख्य सूत्रधार म्युनिकमध्ये’ असे वाचल्यावर वाचक पुढच्या ओळीत अटकेची बातमी शोधील.

विसर्ग :
विषयांतराबद्दल क्षमस्व, पण ‘सुतार’ हा शब्दही ‘सूत्रधार’वरूनच आला, असे व्युत्पत्तीचे अभ्यासक सांगतात, सूत धरून लाकडावर रेघ आखणारा तो सूत्रधार. आता दुसरीकडे पाहा : कंडक्टरला इटालियनमध्ये आदराने ‘माएस्त्रो’ म्हणतात, तो लॅटिन ‘माजिस्तेर’पासून, त्याच मुळाचा पोर्तुगीज ‘मेस्त्रे’ आपल्याकडे ‘मेस्त्री’ झाला. म्हणजे संस्कृतातून जा नाहीतर लॅटिनमधून, गाठ कारागिराशीच पडते. मला तर ‘वाद्यमेस्त्री’ हा शब्द मनापासून पटतो.

ओनामा :
पोर्तुगीज उसनवारीला मराठी म्हणून मिरवायचे आणि ‘सूत्रधार’ मात्र बातम्यांनी बिघडवला म्हणून टाकून द्यायचा, हा न्याय मला कळला नाही. वापरानेच शब्द बिघडतात, तसे वापरानेच ते पुन्हा धुऊन निघतात.

तळटीप :
तर मग ‘कंडक्टर’ हाच शब्द वापराने मराठी झाला आहे, तो ठेवा. संदर्भ ऑपेराचा असेल तर कुणीही तिकीट मागणार नाही.

खोडरबर :
सर्वांचे आभार, परंतु ‘कापेलमाइस्टर’ तसाच राहिला. लेखात एके ठिकाणी समीक्षक त्यांना ‘केवळ कापेलमाइस्टर’ म्हणतो.

मंद्रसप्तक :
तिथे ते पद नसून टोमणा आहे. मात्रा मोजणारा, काम चोख पण कल्पना नाही, अशा अर्थाने तो शब्द वापरण्याची चाल जुनी आहे. जर्मन रचनाकार वागनर यांनी कंडक्टरांवर १८६९ साली जो निबंध लिहिला, त्यात अशा मंडळींची यथेच्छ खिल्ली उडवलेली आहे. ‘नुसता ठोकेबाज’ म्हणून पाहा.

विसर्ग :
‘माइस्टर’देखील त्याच ‘माजिस्तेर’चा, म्हणजे मेस्त्रीचा सख्खा भाऊ! आणि कोरेपेटिटोरसाठी आपल्या नाटकवाल्यांचा ‘तालीममास्तर’ तयारच आहे. हा मास्तरही त्याच कुळातला.

ओनामा :
मास्तर इंग्रजीमार्गे आला, त्याला पोर्तुगीजांच्या पंगतीत बसवू नका. शिवाय तालीममास्तर पात्रांची तालीम घेतो. इथे प्रश्न गळ्याच्या तालमीचा आहे.

विसर्ग :
संगीत नाटकात पात्र आणि गळा वेगळे होते काय?