टीव्हीवरच्या आवाहनाला पैसे द्यावेत की थेट आपल्या भागातील मुलांच्या हॉस्पिसला?

मेधा (लीड्स)

नमस्कार मंडळी. दर नोव्हेंबरात बीबीसीवरील 'चिल्ड्रन इन नीड' या गरजू मुलांसाठीच्या संस्थेची देणग्या गोळा करण्याची रात्र आमच्या घरी सगळे मिळून पाहतात. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या पिवळ्या पड्सी अस्वलाचे टी-शर्ट घालून मुले शाळेत जातात आणि कार्यक्रम संपायच्या आत मी फोनवरून काही पौंड पाठवलेले असतात. यंदा मात्र ओळखीच्या एका कुटुंबाला मुलांच्या हॉस्पिसची, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारांतील मुलांची आणि त्यांच्या घरच्यांची काळजी घेणाऱ्या घराची, गरज पडली, तेव्हा तेथील बराचसा खर्च लोकांच्या देणग्यांवर आणि दान आलेल्या जुन्या कपड्यांच्या दुकानांवर चालतो हे मला प्रथमच समजले. एनएचएससारखी सरकारी आरोग्यसेवा असलेल्या देशात असे का असावे? टीव्हीवर जमलेला पैसा या हॉस्पिसांपर्यंत पोहोचतो का, की तो थेट त्यांनाच देणे बरे?

श्रीरंग

मेधाताई, मी एका हॉस्पिससाठी अनुदानाचे अर्ज भरून देण्याचे काम पाहतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पैसा पोहोचतो, पण कोणत्या रूपात पोहोचतो ते पाहावे लागते. 'चिल्ड्रन इन नीड' स्वतः हॉस्पिस चालवत नाही. ती देशभरातील संस्थांना अर्ज तपासून, ठरावीक मुदतीसाठी अनुदान देते. आजारी मुलाच्या भावंडांसाठी गट चालवणे, संगीतोपचार, घरी जाऊन कुटुंबाला आधार देणे अशी कामे त्यातून उत्तम होतात. मुदत संपली की पुन्हा अर्ज आणि पुन्हा वाट पाहणे आलेच. उलट रात्रपाळीच्या परिचारिकेचा पगार दर महिन्याला द्यावाच लागतो, मग टीव्हीवर त्या वर्षी कितीही पैसा जमलेला असो. तुम्ही दरमहा दहा पौंडांचा डायरेक्ट डेबिट (बँकखात्यातून आपोआप जाणारी रक्कम) सुरू केलात, तर हिशेबनीस त्या पैशावर पुढच्या वर्षाचे वेळापत्रक आखू शकतो. एकरकमी शंभर पौंडांपेक्षा त्याला तो अधिक मोलाचा वाटेल.

सरकार का देत नाही, याचे उत्तर इतिहासात आहे. जगातील पहिले मुलांचे हॉस्पिस, ऑक्सफर्डचे हेलन हाउस, 1982 मध्ये एका अँग्लिकन मठाच्या आवारात, लोकवर्गणीतून उभे राहिले. तुमच्या जवळचे मार्टिन हाउस 1987 चे. ही घरे सरकारी योजनेतून निघालीच नाहीत, लोकांनी ती काढली आणि सरकार मागाहून थोडा हातभार लावू लागले. आजही इंग्लंडमध्ये एनएचएसचे अनुदान मिळते, पण ते गरजेच्या एका भागापुरतेच. 2024 च्या डिसेंबरात सरकारने पुढील वर्षासाठी मुलांच्या हॉस्पिसांना 2 कोटी 60 लाख पौंड जाहीर केले आणि त्याशिवाय सर्व हॉस्पिसांच्या इमारती व साधनांसाठी 10 कोटी. इमारतीच्या पैशातून पगार देता येत नाहीत, आणि 2025 च्या एप्रिलपासून कर्मचाऱ्यांच्या पगारावर मालकाने, म्हणजे हॉस्पिसनेही, भरायचा नॅशनल इन्शुरन्स हा कर 13.8 वरून 15 टक्क्यांवर गेला. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने काढून घेतले, असे आमच्या कार्यालयात म्हटले जाते. तरुणांसाठी 2004 मध्ये उघडलेले ऑक्सफर्डचेच डग्लस हाउस पैशाअभावी 2018 मध्ये बंद करावे लागले, हेही लक्षात असू द्यावे.

निवृत्त_परिचारिका

श्रीरंगरावांच्या हिशेबात एक भर घालते. हॉस्पिस म्हणजे केवळ अखेरचे दिवस, असा आपल्या लोकांचा समज असतो. मुलांच्या बाबतीत तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. स्नायूंचा क्षय होणारे किंवा चयापचयाचे जन्मजात आजार असलेले मूल अनेक वर्षे, वर्षातून काही दिवस, तिथे राहायला येते, तेवढ्या रात्री आईवडिलांना सलग झोप मिळते. एकेका मुलाला नळीवाटे अन्न, झटक्यांची औषधे, श्वासाचे यंत्र अशी निगराणी रात्रभर लागते आणि मनुष्यबळाचा खर्च तिथेच होतो. मूल गेल्यानंतरही अंत्यविधीपर्यंत त्याला ठेवण्यासाठी गारवा राखलेली वेगळी खोली असते. तिथे त्याची स्वतःची चादर आणि खेळणी ठेवता येतात, आणि आईवडील हवा तितका वेळ जवळ बसू शकतात. ही खोली टीव्हीवर कशी दाखवणार, आणि दाखवावी तरी का? पडद्याला बरे होणारे मूल हवे असते. आमच्याकडची बहुतेक मुले बरी होणारी नसतात.

अनिकेत_लंडन

टीव्हीच्या बाजूने आणि विरोधात, दोन्ही बोलतो. 1980 मध्ये निवेदक टेरी वोगन यांच्यासह 'चिल्ड्रन इन नीड'ची ही रात्र प्रथम झाली तेव्हा दहा लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली होती. इतक्या घरांत एका वेळी पोहोचणे कोणत्याही हॉस्पिसच्या आवाक्यातले नाही. पण याच देशात आयटीव्ही वाहिनीच्या टेलिथॉनसमोर, म्हणजे अशाच देणगी गोळा करणाऱ्या दीर्घ कार्यक्रमासमोर, 1990 आणि 1992 मध्ये अपंग व्यक्तींनी स्वतः निदर्शने केली. आम्हाला दया नको, हक्क हवेत, ही त्यांची मागणी होती, आणि 1992 नंतर तो कार्यक्रम पुन्हा झाला नाही. करुण संगीतावर मुलाचा चेहरा दिसला की माझा हात अजूनही आपोआप फोनकडे जातो, आणि नेमक्या त्या गोष्टीचाच मला संशय येतो. म्हणून देणगीबरोबर स्थानिक खासदाराला पत्रही लिहावे, असे माझे मत आहे.

वैशाली (ठाणे)

इकडचेही दोन शब्द. भारतातील पहिले हॉस्पिस, वांद्र्याचे शांती अवेदना सदन, 1986 पासून बरे होण्यापलीकडे गेलेल्या कर्करोग्यांची विनामूल्य सेवा करत आहे. गोव्यातही त्याची शाखा आहे. मुलांसाठी स्वतंत्र सोय मात्र आपल्याकडे अजून फारच तोकडी आहे, आणि तिच्यासाठी वर्षातून एकदा सगळा देश टीव्हीसमोर बसतो अशी प्रथाही नाही. तिकडचे कुणी इकडे मदत करू इच्छित असेल, तर संस्थेला परदेशी देणगी स्वीकारण्याची एफसीआरए परवानगी आहे का, हे आधी विचारावे. नाहीतर पैसे परत जातात.

मेधा (लीड्स)

सर्वांचे आभार. मुलांसाठी पड्सीची रात्र चालू ठेवीन, पण मोठी रक्कम दरमहा जवळच्या हॉस्पिसला देणार आहे. देणगीवर संस्थेला सरकारकडून जादा रक्कम मिळवून देणाऱ्या गिफ्ट एडचा फॉर्म दर वेळी भरावा लागतो का?

श्रीरंग

नाही, एका संस्थेसाठी एकदाच. तुम्ही पुरेसा आयकर भरत असाल तर तुमच्या प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून आणखी 25 पेन्स मिळतात. दुकानात जुने कपडे देतानाही तेच सांगा, म्हणजे ते पिशवीला तुमच्या नावाचा बारकोड लावतील.