प्रतिसाद: तक्ता पाठ, ताट चुकीचं

वर्गात शिकवलेला अन्नगटांचा (धान्य, डाळी, भाज्या-फळं, दूध असे गट) तक्ता पाठ होतो पण ताट भरताना मुलं चुकतात, ही तक्रार खरीच. कागदी ताटली घ्या: अर्ध्या भागात भाज्या-फळं, पाव भागात धान्य, उरलेल्या पावात डाळी, अंडी किंवा मासे; दूध-दही बाजूला वाटीत. मग काल काय खाल्लं ते लिहायला लावून एकेक पदार्थ ताटलीत बसवायला सांगा. हमखास घोळ होतो बटाट्याचा. मुलं तो भाज्यांत टाकतात. पण त्यात स्टार्च भरपूर, म्हणून जागतिक आरोग्य संघटना रोजच्या ४०० ग्रॅम भाज्या-फळांत तो धरत नाही. मिश्र पदार्थाचे घटक सुटे करूनच मांडा. आणि हो, ‘चांगलं-वाईट’ असे शिक्के नकोत. मुलं मग खरं लिहीतच नाहीत.