१९८०च्या दशकातील ब्रिटिश पॉप-रॉक गाण्यांचे संकलन हवे आहे : कोणता संच घ्यावा?

रत्नागिरीची धाकटी

नमस्कार. माझा थोरला भाऊ व्यापारी जहाजावर नोकरीला होता. १९८४च्या उन्हाळ्यात त्याचे जहाज लंडनजवळच्या टिलबरी बंदरात लागले असताना त्याने तिथल्या दुकानातून इंग्रजी गाण्यांची एक कॅसेट घेतली आणि सुट्टीवर येताना ती घरी आणली. मी तेव्हा नववीत होते. पुढची सहा-सात वर्षे ती कॅसेट आमच्या घरात इतकी वाजली की इंग्रजीचा एक शब्दही न कळणारी आमची आई स्वयंपाकघरातून पुढचे गाणे आधीच गुणगुणू लागे. कॅसेटचा कागद लवकरच फाटला आणि एके दिवशी फीत डेकमध्ये अडकून तुटली. त्यामुळे तिचे नाव आज आम्हा दोघांनाही सांगता येत नाही. क्वीनचे ‘रेडिओ गा गा’ अगदी सुरुवातीला होते, त्याच कॅसेटवर नेनाचे लाल फुग्यांचे गाणे होते आणि फ्रँकी गोज टू हॉलिवूड या चमूचे ‘रिलॅक्स’ही होते, एवढे मला नक्की आठवते.

येत्या मार्गशीर्षात दादाला पासष्ट वर्षे पूर्ण होतील. त्याला त्या काळातल्या गाण्यांचा चांगला संच भेट द्यावा, अशी माझी इच्छा आहे. त्याच्याकडे सीडी प्लेअर आहे आणि वडिलांचा रेकॉर्ड प्लेअरही चालू स्थितीत आहे. बाजारात ‘ऐंशीच्या दशकातील गाजलेली गाणी’ अशा अर्थाच्या नावांचे इतके संच दिसतात की त्यांतला खरा कोणता आणि नुसता भरतीचा कोणता, हे मला समजत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

फिरती तबकडी

ताई, तुम्ही सांगितलेल्या तीन गाण्यांवरून ती कॅसेट ओळखता येते. ‘नाऊ दॅट्स व्हॉट आय कॉल म्युझिक’ या मालिकेचा तो दुसरा खंड असणार. तो मार्च १९८४ मध्ये निघाला आणि त्याची सुरुवात ‘रेडिओ गा गा’नेच होते. तेव्हा पहिला सल्ला सरळ आहे : तोच खंड घ्या. या मालिकेचे जुने खंड २०१८ पासून एकेक करून सीडीवर नव्याने निघू लागले आहेत, त्यामुळे तुटलेल्या फितीवरची गाणी त्याच क्रमाने दादांच्या हाती देता येतील.

आता संकलन कसे निवडावे, याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. दशकाची गाणी गोळा करणारे संच दोन जातींचे असतात. काही त्या-त्या वर्षीच, गाणी ताजी असताना निघालेले असतात, तर काही वीस-तीस वर्षांनंतर मागे वळून पाहत तयार केलेले असतात. मागाहून केलेल्या संचांची अडचण अशी की काळाच्या चाळणीतून जी चाळीस-पन्नास गाणी खाली उतरली, तीच प्रत्येक संचात फिरून फिरून येतात. ज्या गाण्यांनी त्या महिन्यात सगळ्या इंग्लंडला वेड लावले आणि पुढच्या वर्षी ज्यांची कोणी आठवणही काढली नाही, ती गाणी तुम्हाला केवळ समकालीन संकलनातच सापडतात. आणि ज्याने तो काळ त्या कॅसेटवरून ऐकला, त्याच्या मनात नेमकी तीच विसरलेली गाणी खोल रुतलेली असतात. म्हणून भेट दादांसाठी असेल, तर समकालीन संच हाच माझ्या मते योग्य मार्ग आहे.

या मालिकेचा पहिला खंड २८ नोव्हेंबर १९८३ रोजी व्हर्जिन आणि ईएमआय या दोन कंपन्यांनी मिळून काढला. दोन एलपींवर, म्हणजे मोठ्या तबकड्यांवर, ३० गाणी होती आणि त्यांतली ११ गाणी ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन आलेली होती. मालिकेला नाव मिळाले ते डॅनिश बेकनच्या एका जुन्या जाहिरातफलकावरून. त्या फलकावर आरवणाऱ्या कोंबडीकडे पाहत एक डुक्कर ते वाक्य म्हणते आहे असे चित्र होते. व्हर्जिनच्या रिचर्ड ब्रॅन्सन यांनी तो फलक आपले चुलतभाऊ आणि सहकारी सायमन ड्रेपर यांच्यासाठी विकत आणला होता. दादांना सुरुवातीच्या काही मुखपृष्ठांवरचे डुक्कर आठवते का, हे अवश्य विचारा.

पहिल्या खंडात पॉल यंग, बॉनी टायलर आणि मेन ॲट वर्क यांची गाणीही आहेत आणि हे सारे सीबीएस या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीचे कलाकार होते. म्हणजे सुरुवातीला प्रतिस्पर्धी कंपनीही आपली गाणी वापरायला देत होती. पण १९८४च्या अखेरीस सीबीएस आणि डब्ल्यूईए यांनी ‘द हिट्स अल्बम’ ही स्वतःची मालिका सुरू केली. तिच्या पहिल्याच खंडाने ‘नाऊ’च्या चौथ्या खंडाला यादीत पहिल्या क्रमांकावर येऊ दिले नाही. त्यानंतर लोकप्रिय गाणी या दोन मालिकांत वाटली गेली. १९८५ नंतरचे वर्ष पूर्ण हवे असेल, तर दोन्ही मालिकांचे खंड शेजारी ठेवावे लागतात. तुमच्या सुदैवाने दुसरा खंड या वाटणीच्या आधीचा आहे.

दक्षिण मुंबई

वरील प्रतिसादाशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, परंतु रेकॉर्ड प्लेअर चालू आहे म्हणून मूळ एलपी शोधण्याचा मोह कोणाला होत असेल, तर थोडी सावधगिरी सुचवावीशी वाटते. एलपीच्या एका बाजूला वीस ते बावीस मिनिटांचे संगीत असले की खाचांना पुरेशी जागा मिळते आणि आवाज भरदार राहतो. या संकलनांत एका बाजूला सात-आठ गाणी बसवलेली असल्याने खाचा दाट व उथळ काढाव्या लागत, परिणामी आवाजाची पातळी खाली जाई आणि खर्जाचा भाग दबे. ऐंशीच्या दशकातील संगीताचा जीव ढोलयंत्राच्या ठोक्यात आणि सिंथेसायझरच्या खर्जात होता, त्यामुळे ही उणीव कानाला लगेच जाणवते.

काळा घोडा येथील रिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झाल्यापासून मुंबईत परदेशी रेकॉर्ड निवांत ऐकून घेण्याची माझी हक्काची जागा उरलेली नाही. चोरबाजारातील मटन स्ट्रीटवर जुन्या एलपी अजूनही मिळतात, परंतु तेथे घेताना तबकडी उजेडात तिरपी धरून तिच्यावरचे ओरखडे पाहावेत आणि दोन तबकड्यांच्या संचात दोन्ही तबकड्या त्याच संचाच्या आहेत ना, हे मधल्या लेबलवरून पडताळावे. मी स्वतः घाईघाईत असा एक संच घरी आणला होता आणि त्यात दुसरी तबकडी भलत्याच अल्बमची निघाली. तुम्ही सीडीच घ्यावी.

पाचगणीचा जुना विद्यार्थी

मला वाटते, अनेकांची एकेक गाणी गोळा करण्यापेक्षा एका चमूचे निवडक संकलन अधिक समाधान देते. ‘रेडिओ गा गा’ आवडत असेल, तर क्वीनचे १९९१चे ‘ग्रेटेस्ट हिट्स २’ घ्यावे, कारण १९८१चा पहिला भाग त्या गाण्याच्या आधीचा आहे. क्वीनचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले, त्यामुळे महाराष्ट्रातल्या माणसाला ही भेट अधिक जवळची वाटेल.

फिरती तबकडी

क्वीनविषयीचा आपला जिव्हाळा मी समजू शकतो आणि ते संकलन उत्तमच आहे. परंतु ताईंना एका चमूची कारकीर्द नको आहे, त्यांना १९८४चा एक ऋतू परत हवा आहे. क्वीननंतर लगेच एखादा असा गायक यावा की ज्याचे दुसरे गाणे आपण आयुष्यात कधी ऐकले नाही, यातच अशा कॅसेटची गोडी होती.

न्यू जर्सीहून

मी १९८७ पासून अमेरिकेत आहे, म्हणून इथल्या बाजूची माहिती देतो. ऱ्हायनो या लॉस एंजेलिसच्या कंपनीने जुन्या गाण्यांच्या संकलनात जी काळजी घेतली, तिला तोड नाही असे माझे मत आहे. ‘जस्ट कान्ट गेट इनफ’ ही तिची ‘न्यू वेव्ह’, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या नव्या धाटणीच्या पॉप-रॉक गाण्यांची मालिका १९९४ पासून निघाली आणि तिचे १५ खंड आहेत. अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ रोजी गाण्यांच्या चित्रफिती दाखवणारी एमटीव्ही वाहिनी सुरू झाली तेव्हा चित्रफिती तयार असलेले चमू प्रामुख्याने ब्रिटिश होते, त्यामुळे या अमेरिकी मालिकेतही ब्रिटनची गाणी भरपूर आहेत. सत्तरच्या दशकासाठी याच कंपनीची ‘हॅव अ नाइस डे’ ही २५ खंडांची मालिका आहे. मागाहून केलेली संकलनेही विसरलेल्या गाण्यांना न्याय देऊ शकतात, याचा हा पुरावा मानावा. तेव्हा ‘मागाहून केलेले म्हणजे उथळ’ असा सरसकट निष्कर्ष काढू नये. संकलकाने किती खोल उतरून शोध घेतला, हे पाहावे.

दादांसाठी मात्र मीही ‘नाऊ’चा दुसरा खंडच सुचवेन.

रत्नागिरीची धाकटी

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. दुसऱ्या खंडाच्या गाण्यांची यादी वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आले, कारण फ्लाइंग पिकेट्स या चमूने वाद्यांशिवाय गायलेले ‘ओन्ली यू’ हे आईचे सर्वांत लाडके गाणे होते आणि ते मी पार विसरून गेले होते.

आणखी एक विचारते. दादाला त्या वर्षांतली इतरही गाणी ऐकता यावीत म्हणून मोठा संच जोडीला द्यावा, असे मनात आहे. एका विक्रेत्याकडे शंभर गाण्यांचा संच अगदी थोड्या पैशांत मिळतो आहे. तो घ्यावा का?

फिरती तबकडी

ताई, तो संच घेण्यापूर्वी मागच्या बाजूची बारीक अक्षरे नीट वाचा. गाणी मूळ ध्वनिमुद्रणे आहेत, की गायकाने पुष्कळ वर्षांनी पुन्हा गाऊन दिलेली आहेत, हे तिथे लिहिलेले असते. मूळ ध्वनिमुद्रणाचे हक्क बहुधा रेकॉर्ड कंपनीकडे असतात आणि त्यांची किंमत मोजावी लागते. स्वस्त संच काढणारे म्हणूनच गायकाकडून किंवा चमूतल्या उरलेल्या एखाद्या सदस्याकडून तेच गाणे नव्याने गाऊन घेतात. नाव तेच आणि चालही तीच असते, पण आवाज वयस्क झालेला असतो आणि वाद्यांचा पोत निराळा असतो. ज्याने मूळ गाणे शेकडो वेळा ऐकले आहे, त्याला पहिल्या दहा सेकंदांतच फसवणूक कळते आणि फार वाईट वाटते. मोबाइलवर गाणी ऐकवणाऱ्या सेवांवरही अशी पुन्हा गायलेली गाणी मूळ गाण्यांच्या शेजारी ठेवलेली आढळतात.

ही प्रथा जुनीच आहे. ब्रिटनमध्ये १९६८ पासून ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या नावाने स्वस्त अल्बम निघत. त्यांत चालू लोकप्रिय गाणी अनाम गायकांकडून हुबेहूब गाऊन घेतलेली असत आणि १९७१ मध्ये त्यांचे दोन खंड यादीत पहिल्या क्रमांकावरही पोहोचले होते. मग कॅनडातल्या विनिपेगची के-टेल कंपनी मूळ गायकांची गाणी घेऊन ब्रिटनच्या बाजारात उतरली. तिचा ‘ट्वेंटी डायनॅमिक हिट्स’ १९७२ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. तिथे आवाज अस्सल असे, परंतु वीस गाणी एका एलपीत कोंबायची म्हणून काही गाणी मधेच आखूड केलेली असत.

मोठा संच हवाच असेल, तर ‘नाऊ’ मालिकेतलाच ‘इयरबुक’ घ्या. २०२१ मध्ये १९८३ या वर्षापासून ही मालिका सुरू झाली. एका वर्षासाठी चार सीडी असतात आणि कमी ऐकलेल्या गाण्यांसाठी ‘एक्स्ट्रा’ नावाचा तीन सीडींचा वेगळा संच निघतो. तुमच्यासाठी १९८४चा ‘इयरबुक’ योग्य ठरेल. न्यू जर्सीच्या सदस्यांचे म्हणणे मला इथे मान्य करावे लागते, कारण हे संकलन मागाहून केलेले असूनही मनापासून केलेले आहे.

गाण्याची नेमकी कोणती आवृत्ती घेतली आहे, याकडेही लक्ष असावे. फ्रँकी गोज टू हॉलिवूडच्या गाण्यांच्या तर त्या काळी लांब-आखूड अशा कितीतरी आवृत्त्या निघाल्या होत्या. संकलनात बहुधा छोट्या तबकडीवरची आवृत्ती असते आणि रेडिओवर वाजलेली तीच होती. कॅसेटवर कोणती होती, हे दादांचे कानच सांगतील.

दक्षिण मुंबई

एक लहानशी भर घालतो. नंतरच्या काळात जुनी गाणी पुन्हा सीडीवर आणताना त्यांचा आवाज सतत मोठा ठेवण्याची चढाओढ लागली, त्यामुळे हळुवार आणि जोरकस भागांतील अंतर कमी झाले. नव्या संचांचा आवाज सलग तास-दोन तास ऐकल्यावर कान थकल्यासारखे वाटले, तर तो दोष दादांच्या वयाचा मानू नये. आवाज एक-दोन अंशांनी खाली ठेवून ऐकावे.

रत्नागिरीची धाकटी

शंभर गाण्यांच्या त्या संचाची मागची बाजू मी विक्रेत्याकडून छायाचित्र मागवून वाचली. तिथे खरोखरच ‘नव्याने ध्वनिमुद्रित’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले होते. आपण सांगितले नसते, तर मी तोच पाठवून दिला असता. आज ‘नाऊ’चा दुसरा खंड आणि १९८४चा ‘इयरबुक’ असे दोन्ही मागवले आहेत. दादाला अजून काहीही सांगितलेले नाही. तुटलेली मूळ कॅसेट मात्र मला वहिनीने कपाटातून काढून दिली आहे. तिच्यावर कागद नाही, पण प्लॅस्टिकवर आईने बॉलपेनने एक फुली मारलेली आहे. त्या बाजूला तिचे गाणे होते.