मदत हवी आहे: एकाच बादलीतल्या सांडपाण्याचे दोन वेगळे रिपोर्ट, माझं कुठे चुकतंय?

नमस्कार मंडळी,

सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर रुजू होऊन मला चार महिने झाले. आउटलेटचे, म्हणजे प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्याचे नमुने मीच घेते. गेल्या आठवड्यात एकाच बादलीतून दोन बाटल्या भरल्या, एक नेहमीच्या प्रयोगशाळेसाठी आणि एक पडताळणीसाठी दुसरीकडे. पहिलीत टीएसएस (पाण्यात तरंगणारे घन कण) १४ मिग्रॅ प्रति लिटर आला, दुसरीत ४७. सीओडी (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) ७२ आणि १३०. आणि त्या दुसऱ्याच बाटलीचा बीओडी (तीच घाण खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) फक्त ३! वरिष्ठ म्हणतात प्लांट बिघडलाय, ब्लोअर (टाकीत हवा सोडणारे पंखे) वाढवा. मला मात्र वाटतंय की चूक माझ्याच हातून होतेय.

पद्धत जशी आहे तशी सांगते. दोरीची बादली चेंबरमध्ये सोडते, वर येताना ती भिंतीला घासते. मग लेबलं लिहिण्यात पाच-सात मिनिटं जातात. पहिली बाटली वरच्या पाण्याने भरली, दुसरी उरलेल्या. बादलीच्या तळाशी चहाच्या चोथ्यासारखा काळपट गाळ होता, तो दुसऱ्या बाटलीत गेला. त्या प्रयोगशाळेने नमुना टिकवून पाठवा म्हटलं होतं, म्हणून त्यात सल्फ्युरिक आम्ल घातलं. तेल-ग्रीससुद्धा त्याच प्लास्टिकच्या बाटलीतून तपासायचं होतं. नेमकं काय काय बदलू?

प्रतिसाद १

ताई, ब्लोअरला हात लावू नका. तुम्ही लिहिलंय त्यातच उत्तर आहे. बादली ठेवली की गाळ बसतो, त्यामुळे तुमच्या दोन बाटल्यांत दोन वेगळी पाणी गेली. टीएसएस वाढला तो गाळामुळे, आणि सीओडीही बराचसा त्यामुळेच. बादली ढवळत ढवळत दोन्ही बाटल्या थोड्या थोड्या आळीपाळीने भरा. त्याहून बरं म्हणजे लांब दांड्याचं भांडं घ्या, तोंड प्रवाहाकडे करा, पाणी जिथे खळखळतं तिथे मधल्या खोलीवर बुडवा आणि भिंतीला लागू देऊ नका. भिंतीवरचा शेवाळी थर सुटून आत पडला की रिपोर्ट आउटलेटचा राहत नाही.

आता आम्ल. बीओडी म्हणजे जिवाणूंनी वापरलेला ऑक्सिजन. पीएच २ च्या खाली नेलात की ते जिवाणू मरतात, मग ३ येणारच. आम्ल सीओडी, अमोनिया, एकूण फॉस्फरस यांच्या बाटलीत घालायचं. तशी बाटली थंड ठेवली तर २८ दिवस चालते. बीओडी आणि टीएसएसची बाटली साधी, फक्त थंड, ६ अंशांखाली पण न गोठवता. बीओडी शक्यतो त्याच दिवशी लावावा, ४८ तासांपुढे तर अजिबात नाही. धातू तपासायचे असतील तर नायट्रिक आम्ल.

तेल-ग्रीसला रुंद तोंडाची काचेची बाटली घ्या आणि ती थेट प्रवाहातच भरा. नमुन्याने आधी विसळू नका, दुसऱ्या भांड्यातून ओतू नका. तेल प्लास्टिकला चिकटतं, बादलीलाही. प्रयोगशाळेत ती अख्खी बाटली वापरतात आणि आतून सॉल्व्हंटने धुऊनही घेतात.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर. पीएच आणि उरलेला क्लोरीन जागेवरच मोजा, १५ मिनिटांच्या आत. बाटलीवर घेतल्याची वेळ लिहा, नुसती तारीख नको. सकाळच्या एका बाटलीवरून दिवसभराचं पाणी कळत नाही, त्यासाठी २४ तासांत ठरावीक अंतराने नमुने घेऊन ते प्रवाहाच्या प्रमाणात एकत्र करा. तेल-ग्रीसचे आणि जिवाणूंचे नमुने मात्र असे कधीच एकत्र करायचे नाहीत, प्रत्येक वेळचा वेगळा ठेवायचा.

आणि ताई, चेंबरमध्ये वाकून भांडं बुडवू नका, आत तर मुळीच उतरू नका. हायड्रोजन सल्फाइड हा तिथला विषारी वायू जास्त झाला की त्याचा वासही यायचा थांबतो. सोबत माणूस हवा, गॅस मीटर हवा.

धागाकर्ती

मनापासून आभार. आज ढवळून भरलं, बीओडीची बाटली वेगळी ठेवली. दोन्ही प्रयोगशाळांचा टीएसएस आलाय: १५ आणि १६. बीओडीची वाट बघतेय. पुढच्या खेपेला कोलिफॉर्म जिवाणूंची तपासणीही आहे, आणि आमच्याकडे क्लोरीन घालतात. त्याची बाटली कशी घेऊ?

प्रतिसाद १

निर्जंतुक बाटली मागवा, आत क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट घातलेलं हवं. नाहीतर क्लोरीन वाटेतही जिवाणू मारत राहतो आणि आकडा उगाच चांगला येतो. विसळू नका, झाकणाला आतून बोट लावू नका आणि वर अडीच सेंटिमीटर जागा सोडा, हलवायला लागते. बर्फात ठेवून ६ तासांत पोचवा.