पंख एकट्याने हलवताना

छोट्या विमानाचा काढलेला पंख हँगरच्या (विमान ठेवायच्या शेडच्या) छताला टांगून ठेवा, ही सूचना चांगली आहे, पण तिथवर तो एकट्याने न्यायचा कसा? वजन बहुतेक मुळाकडे, म्हणजे पंख विमानाला जोडतात त्या टोकाकडे असतं. चाकांची गाडी तिथे लावा, बाहेरच्या टोकाकडची हलकी बाजू हातात घ्या. पुढची कड खाली, जाड फोमवर. मागची कड नाजूक. एलेरॉनला (मागच्या कडेवरच्या हलत्या पट्टीला) धरून तर उचलूच नका. कापडी पंखावर दोन रिबांच्या (आतल्या फासळ्यांच्या) मध्ये अंगठा दाबला तरी रंगाला तडे जाऊ शकतात (मग बसा पॅच लावत!). आधार स्पारखाली (पंखातल्या लांब मुख्य दांड्याखाली) किंवा रिबखालीच. वारा सुटला असेल तर हँगरचं दार उघडू नका, एका माणसाला तो पंख आवरत नाही. पंखातल्या टाकीतलं इंधन आधी काढा. पंख कडेवर उभा केला की ते व्हेंटमधून (टाकीच्या हवेच्या भोकातून) गळू लागतं.